मीठ टाक अन् बस

मारोतीभाऊ सकाळी सकाळी बर्फाचा खून करत. घुग्घुसला आमच्या शेजारच्या अंगणात बर्फाची लादी येऊन पडली, की ते टोचा उचलत आणि एकेका घावाला एकेकाचं नाव घेत. पहिला घाव तळ्याच्या ठेकेदाराचा, दुसरा काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याचा आणि उरलेले सगळे जावयाचे. "हा तुह्या टाळक्यात, राजू!" तुकडे आमच्या कुंपणापर्यंत उडत. मग त्याच बर्फात मासोळी रचून, पेटी मोटरसायकलला बांधून ते बाजारात जात. तिथंही आठवड्यातून एखादी मारामारी ठरलेलीच. नाकावर राग घेऊनच जन्माला आलेला माणूस.

जावई त्यांच्याही वरताण होता. तो बायकोला मारी. एक दिवस भाऊंची मुलगी रंजना फुटलेल्या ओठानं, पाच वर्षांच्या चिमीला कडेवर घेऊन माहेरी आली. दुसऱ्या सकाळी भाऊंनी पहिला घाव घातला आणि चिमी कानांवर हात ठेवून खाटेखाली शिरली. तिथं तिची चड्डी ओली झाली. भाऊ टोचा हातात धरून तसेच उभे राहिले. "मले भेऊन राह्यली ना, बाई," ते मला म्हणाले. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून लादी बाजारातच फुटू लागली.

घरी दुसराच उद्योग सुरू झाला. चिमीचा प्लास्टिकचा हत्ती त्यांनी पाण्याच्या डब्यात बुडवून फ्रीजमध्ये गोठवला आणि तो बर्फ परातीत घालून खाटेजवळ ठेवला. "हत्ती अटकला न व. आता काहाडाचा कसा?" माझी पोरं धावत गेली. थोरल्यानं तर दगडच उचलला. भाऊंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "फोडू नोको बे! हत्तीचा पाय मोडन. मीठ टाक अन् बस." चिमटीनं खडेमीठ पडलं तिथं बर्फाला खळगे पडू लागले, तशी चिमी खाटेखालून डोकं काढून बघू लागली. हत्ती सुटला तेव्हा ती त्यांच्या मांडीवर होती.

मग उन्हाळाभर तेच. एक तुकडा उन्हात, एक लाकडाच्या भुशात, कोणाचा आधी वितळतो यावर पैजा आणि पैजांवरून पोरांची डोकेफोड. ओला दोरा बर्फावर ठेवून, वर मीठ भुरभुरून चिमी तो तुकडा दोऱ्यानंच उचलून दाखवी, तेव्हा भाऊ सगळ्या गल्लीला हाका मारत. घाई करणाऱ्या पोराला एकच उत्तर मिळे, "मीठ टाक अन् बस." स्वतः मात्र बाजारात कुणाची तरी कॉलर धरून आलेले असत. मी चिडवलं की म्हणत, "मानसाले मीठ लागत नाई, बाई. त्याले टोचाच लागते."

राजू आला तो भर दुपारी, दारू पिऊन, हातात काठी घेऊन. "माही पोट्टी दे!" म्हणत त्यानं रंजनाला केसांना धरून उंबऱ्यावरून खाली ओढलं. परात उलटली. भाऊंनी पेटीवरचा टोचा उचलला, राजूला भिंतीशी दाबलं आणि टोक त्याच्या गळ्याला लावलं. रक्ताचा थेंब आला. मी कुंपणाशी उभी होते आणि खरं सांगते, मनात म्हणत होते, घाला.

"आबाजी, फोडू नोका!" चिमी किंचाळली. "मीठ टाका!"

भाऊंनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि टोचा खाली टाकला. राजूनं काठी त्यांच्या डोक्यात घातली. ते पडल्यावरही घालतच राहिला.

लोकांनी त्याला झोडपून पोलिसांच्या हवाली केलं. भाऊ दुसऱ्या दिवशी चंद्रपूरच्या दवाखान्यातून पांढऱ्या कापडात परत आले. त्यांचा मुलगा हैदराबादहून यायचा होता, म्हणून त्यांना ओसरीत बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं. बायका रडत होत्या. मला रडू येईना, संताप येत होता. जन्मभर ज्याला त्याला हाणणारा माणूस आयुष्यात एकदाच थांबला आणि तेवढ्यात गेला. त्यांच्या जागी मी असते तर टोचा टाकला नसता, हे मी आजही म्हणते.

बायकांच्या गर्दीतून वाट काढत चिमी आली. लादीपाशी बसून तिनं आवळलेली मूठ उघडली आणि खडेमीठ आबाजींच्या खांद्याजवळच्या बर्फावर टाकलं.

"अवं, काय करून राह्यली ही पोट्टी?" एक म्हातारी ओरडली.

"आबाजी अटकले न," चिमी म्हणाली, आणि मीठ टाकून बसली.