दुधाच्या कॅलेंडरवरच्या वेळा

माझी अपेक्षा लहानपणापासून अबोल. शाळेत काही बिनसलं तरी घरी येऊन आधी चपला जागेवर ठेवायची, मग रडायची. केमिस्ट्रीत बी.एस्सी. झाली आणि २००५ साली भीमेकाठच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागली. वरवंडहून कंपनीच्या बसने जायची. लॅबमध्ये तिघेच जण. बाहेर सोडायचं पाणी तपासणं हे त्यांचं काम.

वडगाव रासाईच्या कुशाबाई माझ्या लांबच्या मावशी. एकदा त्या विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन आल्या. "बघ गं पोरी, म्हस बी तोंड लावंना. आन् आमी तेच पितोय."

अपेक्षाने ते तपासलं. कारखान्यातून सुटणारं पाणीच विहिरीत उतरत होतं, आणि लॅबच्या वहीत मात्र पाणी स्वच्छ असल्याचे खोटे आकडे चढत होते.

तेव्हापासून ती जेवणं झाली की कॉम्प्युटरपुढे बसू लागली. नऊला लाइट जायची, त्याआधी. "परीक्षेचा अभ्यास," म्हणायची. खरं तर ती नदीच्या प्रदूषणाविरुद्ध काम करणाऱ्या पुण्यातल्या लोकांच्या एका वेबसाइटवर नाव न देता खरे आकडे टाकत होती. तिने असं सॉफ्टवेअर घातलं होतं की मजकूर तीन परदेशी कॉम्प्युटरांतून फिरून जाई. तो कुणी पाठवला हे वेबसाइटवाल्यांनाही कळत नसे. आणखी काही दिवसांचे आकडे मिळाले की कारखान्याच्या सरकारी तपासणीची मागणी करायची, असं त्या लोकांनी तिथे लिहिलं होतं. हे सगळं मला मागाहून समजलं.

तेव्हा मला एवढंच समजत होतं की नेट फोनच्याच तारेवरून यायचं, ते चालू असलं की फोन गुंतलेला. हिचे बाबा दौंडला रेल्वेत गार्ड. ड्युटीवर निघताना घरी फोन करायची त्यांची रीत. तो लागेना, आणि माझ्या जिवाला घोर. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या लिटरांशेजारी लिहू लागले: ८.१० ते ८.३५. ८.०५ ते ८.४०. कधीतरी सगळं तिच्यापुढे धरायचं आणि चांगलं खडसावायचं, असं ठरवलं होतं.

माझे मामेभाऊ पोपटराव त्याच कारखान्याच्या ऑफिसात होते. एका रविवारी चहाला आले आणि कॅलेंडरपाशी थबकले.

"अक्का, एक लिटर, दीड लिटर, ते कळलं. ह्या येळा कशाच्या?"

"फोन अडल्याच्या. आमची राणीसरकार नेटवर असते ना."

"रोज?"

"रोज कुठं. बघा की, लिहिलंय."

त्यांनी खिशातून घडीचा कागद काढला आणि बराच वेळ एकदा भिंतीकडे, एकदा कागदाकडे पाहत राहिले. मला वाटलं, कसली तरी यादी असेल. मीच त्यांना मागच्या महिन्याचं पान उलटून दाखवलं.

"चहा निवला, दादा."

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. कप तसाच ठेवून गेले.

मंगळवारी अपेक्षाला गेटवरूनच परत पाठवलं. वेबसाइटवरच्या प्रत्येक मजकुराखाली तारीख आणि वेळ असते; तीच पोपटरावांच्या कागदावर उतरवलेली होती. ते आकडे ठाऊक असणारे तिघेच. ज्या नऊ दिवशी मजकूर आला, त्याच नऊ दिवशी, त्याच वेळी आमचा फोन गुंतलेला होता.

"ते सॉफ्टवेअर फसवं निघालं का गं?" मी विचारलं.

"नाही, आई. ते कुणी फोडलं नाही. पण लिहून झालं की लगेच पाठवायची मी. थांबायला हवं होतं." कॅलेंडरबद्दल ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आकडे बंद झाले आणि तपासणीचं बारगळलं. कुशाबाई अजून त्याच विहिरीचं पाणी गाळून पितात. मी त्यांच्याकडे जायचं टाळते.

अपेक्षा आता नाशिकला एका शाळेत शिकवते. फोन करते, पण कधी पहाटे, कधी भरदुपारी, कधी चार दिवस नाहीच. पुन्हा कधी करशील, असं मी विचारत नाही. आणि आला की कुठे लिहून ठेवत नाही.