बरगड्यांच्या चौदा जोड्या

ओर्तेन्सियामावशी नाताळ काही बघत नाही, हे कोलेसेको गावाला ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं. बातमी पक्की होती. पावाच्या दुकानातल्या बाईने तिला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातून बाहेर पडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. काखेत जाडजूड फाइल, चेहरा पांढराफटक, आणि बाहेरच्या बाकावर बसून डोळे मिटून ओठ हलवत होती. "माणूस असं कधी पुटपुटतो?" पावाची बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायची, आणि उत्तराची वाट न बघता पाव कागदात गुंडाळायची. "मी काही बोलत नाही. पण असं कधी पुटपुटतो, तुम्हीच सांगा."

दोन दिवसांत मावशीच्या दारात अंडी, बदामाची बिस्किटं आणि तीन पातेली कोंबडीचा रस्सा येऊन पडला. जी खाटकीण तीस वर्षं गावाला कोंबड्या कापून देत आली, तिला गावाने कोंबड्याच नेऊन दिल्या. चर्चमध्ये अशक्य गोष्टी घडवणाऱ्या सांता रीतापुढे मेणबत्त्या लागल्या. एक मीही लावली, खोटं कशाला बोलू; ती सगळ्या गल्लीचीच मावशी.

रविवारी प्रार्थनेत फादरनी घसा साफ करून सांगितलं की आपल्या आजारी भगिनी ओर्तेन्सियासाठी हात जोडूया. तिसऱ्या रांगेतून मावशी उठून उभी राहिली.

"फादर, कोण आजारी?"

"मुली, लपवू नकोस. गाव तुझ्यामागे आहे."

"मी धडधाकट आहे. मी नर्सिंगच्या कॉलेजात जाते. पहिल्या वर्षाला आहे. वर्ग हॉस्पिटलातच भरतात." मग जरा थांबून म्हणाली, "ते बाकावर मी मनगटाची हाडं पाठ करत होते."

चर्चमध्ये इतकी शांतता आमच्या मेयरच्या अंत्यविधीलाही नव्हती. मरणाचं आम्हाला कळत होतं; मरतात माणसं. एकोणपन्नासाव्या वर्षी कॉलेज, हे कुणालाच झेपेना. बाहेर पायऱ्यांवर एक म्हातारी रडवेली होऊन म्हणाली, "म्हणजे डोक्यात गेलंय."

खरी गोष्ट अशी. मावशीची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. रोज येणारी नर्स एकदा बोलून गेली की तुम्ही उचलता तेव्हा यांना दुखत नाही, मी उचलते तेव्हा दुखतं. आई गेली. ते वाक्य मावशीच्या डोक्यात राहिलं. तिने प्रवेश परीक्षा दिली, पास झाली, आणि तोवर सख्ख्या भावालाही बोलली नव्हती.

भाऊ म्हणजे नुन्झिओमामा. दुकान दोघांच्या वडलांचं, पण मामाने जन्मभर ट्रक चालवला आणि त्यामुळे तो जेवणाच्या टेबलावरसुद्धा इंजिनावरून ओरडल्यासारखा बोलतो. "मीठ. दे. इकडे." त्याने ट्रकची भाडी वर्षभर बंद केली आणि सत्तूर हातात घेतला. अट घातली तीही ओरडून, त्यामुळे गल्लीला पाठ आहे: "एक वर्ष. सप्टेंबरपर्यंत तो शरीराचा विषय सुटला तर दुकान मी सांभाळतो, कायमचं. नाही सुटला तर ऍप्रन तुझा आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"कबूल, दादा," मावशी म्हणाली.

जुलैत पहिली परीक्षा आली. मामाला बघायचं होतं की वर्ष कशावर घालवलं, आणि मी लोकांच्या नकला करते, मला नवे आवाज हवे होते. गावातले सगळे माझे करून झाले होते. प्रोफेसर एकही नव्हता. तोंडी परीक्षेचं दार उघडंच असतं, कुणीही मागे जाऊन बसावं. आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो. आजूबाजूला माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठ्या पोरी नखं खात होत्या.

प्रोफेसर वाल्देमारिनबाई उत्तरेकडच्या. कात्रीने कागद कापावा तसं बोलतात, आणि शेवटचा शब्द खाली पडू देतात. आनंदाने माझ्या अंगावर काटा आला.

मावशीने सुरुवात झकास केली. हृदय असं उलगडून सांगितलं की जणू समोर ठोकळ्यावरच ठेवलंय. आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी, तीस वर्षांची सवय, मान कलती करून विचारायची, "अजून काही?" पहिल्यांदा बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. चौथ्यांदा त्या गिऱ्हाइकासारख्या म्हणाल्या, "हो, जरा यकृत द्या." वर्ग हसला, मावशीही हसली. मामाने मला कोपर मारलं.

मग बाई म्हणाल्या, "छातीचा पिंजरा. बरगड्या किती?"

शाळेतलं पोर सांगेल असा प्रश्न. मावशीने पापणीही न हलवता सांगितलं, "चौदा जोड्या. लांब अंगाचा असला तर पंधरा."

बाईंनी चष्मा काढून हातात धरला.

"कोण लांब अंगाचा?" बाईंनी विचारलं.

मावशीच्या मानेवरून लाली वर चढत गेली. "डुक्कर," ती हळूच म्हणाली.

पुढचं मी सांगत नाही. मागची पोरं बाकावर डोकी ठेवून हसत होती, आणि त्यानंतर मावशीला डाव्या-उजव्या फुप्फुसातला फरकही सांगता येईना. बाईंनी दया केली. "अठरा," त्या म्हणाल्या. तीसपैकी अठराला पास. "घेताय?"

मामा टोपी घेऊन उठलाच होता. "घेतेय, घेतेय," तो स्वतःशी म्हणाला, म्हणजे शेवटच्या रांगेला ऐकू गेलं.

"नको," मावशी म्हणाली.

बाईंचं पेन हवेत राहिलं. "सिन्योरा, हे पास आहे."

"ठाऊक आहे."

सत्तावीस मिळालेली हुशार पोरं गुण नाकारतात, तिसासाठी पुन्हा बसतात. तो त्यांचा माज असतो. अठरा कुणी नाकारत नाही. अठरा घेऊन माणूस पळत सुटतो.

"उद्या मी कुणाच्या तरी बरगड्यांत बोट ठेवून ठोके ऐकायची जागा शोधीन," मावशी म्हणाली, "आणि माझ्या डोक्यात डुक्कर असेल. हे अठरा त्या माणसाला पुरायचे नाहीत."

मामा टोपीसकट खाली बसला.

ट्रकमध्ये आम्ही तिघं पुढे. मामा गप्प. तो गप्प बसू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या वळणावर तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "एकच संधी उरलीय. त्या कागदावर नुसतं अठरा लिहिलं असतं, डुक्कर लिहिलं नसतं."

"मला तर माहीत असतं ना, दादा."

माझं तोंड मला आवरत नाही. मी म्हटलं, "मावशी, सप्टेंबरात तू विसाच्या वर जात नाहीस. लाव पैज."

"लावली. जिंकलीस तर नाताळापर्यंत रोज तुला सॉसेज. हरलीस तर तीन शनिवार दुकानात जनावराच्या पोटातली वजडी धुवायची."

"कबूल," मी म्हटलं. मला सॉसेजचा वाससुद्धा यायला लागला होता.

त्या उन्हाळ्यात मावशीने दुकानात पाऊल टाकलं नाही. हाताला डुकराची सवय आहे, ती मोडली पाहिजे, म्हणायची. ती चौकात म्हाताऱ्यांच्या बाकाशी जायची. "शर्ट वर करता का जरा?" म्हाताऱ्यांनी पहिल्या दिवशी धर्म आठवला, दुसऱ्या दिवशी रांग लावली. ज्यांना गेल्या दहा वर्षांत कुणी हात लावला नव्हता, ते पत्ते टाकून बनियन वर करून बसायचे. "माझ्या मोज ना, काल याच्याच मोजल्यास." आणि भांडायचे, कुणाच्या जास्त भरतात यावरून. सगळ्यांच्या बाराच भरायच्या.

सप्टेंबरात वाल्देमारिनबाईंनी पहिलाच प्रश्न तो टाकला. मामाने डोळे झाकले.

"बारा जोड्या," मावशी म्हणाली. "वरच्या सात छातीच्या हाडाला आपापल्या जोडलेल्या, पुढच्या तीन वरच्या कूर्चेला धरून, शेवटच्या दोन मोकळ्या."

"आणि लांब अंगाचा असला तर?"

"माणूस कितीही लांब झाला तरी बाराच, बाई. वाढतात त्या डुकराच्या."

त्यानंतर पाऊण तास. मी एकही आवाज उचलला नाही, ऐकतच राहिले. शेवटी बाई म्हणाल्या, "अठ्ठावीस. घेताय?"

मावशीने मान कलती केली. मी मामाचा हात धरला. ही बाई अठ्ठावीसही नाकारणार, हे आम्हा दोघांना एकदमच कळलं.

"दोन कुठे गेले?" तिने विचारलं.

"मानेतल्या एका नसेची वाट चुकलात."

"दाखवा."

बाई उठल्या आणि स्वतःच्या मानेवरून बोट फिरवून ती वाट त्यांनी दाखवली. मावशीने आपल्या मानेवर दोनदा फिरवून पाहिली. मग म्हणाली, "आता घेते."

नुन्झिओमामा भर वर्गात रडला, तेही इंजिनावरून.

तेव्हापासून मावशी वॉर्डात शिकायला जाते आणि दुकानाच्या पाटीवर एकट्या मामाचं नाव आहे. मागच्या मोरीत मी असते. आज दुसरा शनिवार. वजडी पाच पाण्यांतून काढली तरी बोटांचा वास जात नाही, आणि मामा काउंटरवरून ओरडतो, "सहावं. पाणी. घे."