सॉफ्ट

"सॉफ्ट म्हणजे मऊ, सॉफ्टन म्हणजे मऊ करणे." जेवता जेवता लेक इंग्रजीचे शब्द पाठ करत होती. शेजारी आई अण्णांसाठी दुधात भाकरी कुस्करत होती. डॉक्टरांनी त्यांना सॉफ्ट डाएट सांगितलंय. पूर्वी भाकरीचा पापुद्रा कडक नसला तर माझे हे वडील ताट सरकवून उठायचे. मऊ, मवाळ, हळवा, यातला एकही शब्द त्यांना कधी शोभला नव्हता. आता ते घासासाठी गुपचूप आ करतात.

"सॉफ्टली म्हणजे कसं?" लेकीने विचारलं. आईने स्वतःच्या ताटातला पापड उचलला आणि खाण्याआधी आमटीत भिजवला. नाहीतर त्याची कुरकुर अण्णांना ऐकू गेली असती.