‘लोकसंख्येत बदल झाले’

“हे वाक्य काढ,” ग्रेग म्हणाला. दुसऱ्या दिवशी पान प्रेसला जायचं होतं.

मी न्यू जर्सीत शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीत एडिटर आहे. ग्रेग माझा बॉस. दहावीच्या जागतिक इतिहासाचं पुस्तक माझ्याकडे होतं. वाक्य होतं इस्रायल-पॅलेस्टाइनच्या धड्यातलं, १९४८ साली इस्रायल स्थापन झालं तेव्हाच्या युद्धाबद्दलचं.

अशा धड्याला आम्ही रिव्ह्यूअर नेमतो, म्हणजे मजकूर तपासून देणारे बाहेरचे तज्ज्ञ. इथे दोघं होते. प्रोफेसर मिरियम यांचे वडील युरोपातल्या नाझी छळछावणीतून वाचून आजच्या इस्रायलमधल्या हैफा बंदरात उतरले होते. प्रोफेसर नबील यांचे आजोबा १९४८ मध्ये त्याच हैफातून बायकामुलांसह बोटीने लेबनॉनला गेले, ते परत येऊ शकले नाहीत.

चार आठवडे दोघं एका क्रियापदावर भांडले. पॅलेस्टिनींनी घरं ‘सोडली’, की त्यांना ‘हाकललं’? व्हिडिओ कॉलवर आवाज चढायचे. एकदा तर मिरियमनी कॅमेराच बंद केला.

पाचव्या आठवड्यात नबील म्हणाले, “छावण्यांतून वाचलेल्या ज्यूंना तेव्हा बहुतेक देश दारातही उभं करत नव्हते, हे आधी यायला हवं. ते मी लिहितो.”

मिरियम म्हणाल्या, “पुढचं मी लिहिते.”

त्यांनी लिहिलं: लाखो पॅलेस्टिनींपैकी काही लढाईच्या भीतीने पळाले, अनेकांना इस्रायली सैन्याने हाकललं, आणि युद्धानंतर बहुतेकांना परत येऊ दिलं नाही.

नबीलनी वाचलं. “यातला शब्दही हलवू नका,” मला म्हणाले.

आणि आता ग्रेग ते काढायला सांगत होता.

“सेल्सवाले घाबरलेत. एखाद्या राज्याच्या कमिटीने पुस्तक नाकारलं तर?” इथे बऱ्याच राज्यांत कमिटी पुस्तक पास करते, मगच शाळा ते घेतात.

“पण दोघांनी मान्य केलंय!”

“तक्रार करणारे ते दोघं नसतात.” त्याने बदली वाक्य तयारच ठेवलं होतं: ‘१९४८ च्या सुमारास या प्रदेशाच्या लोकसंख्येत बदल झाले.’ नबीलनी लिहिलेलं वाक्यही उडवलं होतं. बॅलन्ससाठी म्हणे!

माझं डोकंच फिरलं. “बदल झाले? कुणी केले? माझी मुलगी ‘कप फुटला’ म्हणाली, तरी मी विचारते, कुणी फोडला. इथे माणसांची घरं गेली, ग्रेग!”

“तू इमोशनल होतेयस.”

“होतेय. ज्यांच्या घरादारावर बेतलं, ते भांडून का होईना, एका वाक्यावर आले. आणि ज्यांचं काहीच गेलं नाही, ते आपण घाबरतोय!”

ग्रेगने घड्याळ पाहिलं. पान त्याच्याच वाक्यासह गेलं. सिस्टिममध्ये ‘अप्रूव्ह’चं बटण मीच दाबलं. त्याची लाज अजून वाटते.

मी दोघांनाही फोन करून सांगितलं. तासाभरात एकच मेल आला, खाली दोघांची नावं: ‘पुस्तकातून आमची नावं काढा.’

नावं निघाली. ग्रेगचं वाक्य राहिलं. पुस्तक पास झालं, एकही तक्रार आली नाही. तक्रार करण्यासारखं त्या पानात काही उरलंच नव्हतं.

आता नवीन पुस्तक हाती घेताना तज्ज्ञ कोण, हे मी नंतर विचारते. मजकुरावर शेवटचा शब्द कुणाचा, ते आधी. आणि उत्तर लेखी मागते.