पंधरा पट्ट्यांचं निशाण

लेकीच्या शाळेत इतिहासाचं प्रदर्शन होतं. प्रत्येकाने एकेक जुनी वस्तू बनवून आणायची. आमच्या वाट्याला अमेरिकेचं जुनं निशाण आलं. शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची, राहायचं दुबईत, इंटरनॅशनल सिटीच्या एका खोलीत, आणि शिवायला कोण? मी! ऑफिस करून बसमधून आंबून यायचं आणि परक्या देशाच्या चांदण्या कापत बसायचं.

ते निशाण म्हणे बाल्टिमोरच्या एका विधवेने शिवलेलं. किल्ल्यावरच्या अधिकाऱ्याला शत्रूला लांबून दिसेल एवढं मोठं हवं होतं. पंधरा पट्टे, पंधरा चांदण्या, एकेक चांदणी दोन फुटांची. घरात मावेना, म्हणून जवळच्या बिअरच्या कारखान्यात जमिनीवर पसरून जोडलं. पुढे इंग्रजांनी रात्रभर तोफा डागल्या, आणि सकाळी किल्ल्यावर तेच फडकलं. मला मात्र त्या बाईच्या गुडघ्यांचीच काळजी वाटत राहिली.

कारण माझेही गेले होते. शनिवारी सोफा भिंतीला सरकवला आणि पलंग नि फ्रिजच्या मधे बसून टाके घातले. लेक पलंगावरून सूचना देत होती. "मम्मा, दॅट स्टार इज क्रुकेड." केली बाई सरळ. खरं सांगू, मला एकच हवं होतं: शाळेत तिने एकदा म्हणावं, हे माझ्या आईने शिवलं.

शिवून झालं आणि मी सवयीने कडेला कुंकवाचं बोट लावलं. नवं कापड वापरायला काढताना आमच्याकडे लावतातच, साडी असो की पडदा. आठ लाल पट्टे होते, पण बोट पडलं नेमकं पांढऱ्यावर. लेकीने घर डोक्यावर घेतलं. "इट लुक्स लाइक ब्लड, मम्मा!"

नवरा म्हणाला, "खलास! आता पुसू नकोस, पसरेल."

अक्कल शिकवायला सगळे तयार. माझा रविवार तो पट्टा उसवून नवा लावण्यात गेला. रडावंसं वाटत होतं, पण तेवढं त्राणही उरलं नव्हतं.

प्रदर्शनाला अर्धी रजा टाकून गेले. लेक पालकांसमोर इंग्रजीत काय झकास बोलत होती! म्हणाली, सगळे त्या एका बाईचंच नाव घेतात. पण तिची मुलगी, तिच्या भाच्या, तिच्याकडे कराराने बांधलेली एक काळी मुलगी, अशा कितीतरी जणी त्यात राबल्या. "नोबडी रिमेंबर्स देम," म्हणताना तिचा आवाज कापला. माझे डोळेच भरून आले. म्हटलं, आता माझं नाव घेईल.

तेवढ्यात कुणाच्या तरी आजोबांनी विचारलं, "अँड हू स्टिच्ड धिस वन, बेटा?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. मग मान वळवली.

"आय डिड. ऑल बाय मायसेल्फ."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, दुसरं काय करणार होते?