ढेप्याच्या बाजूनं बोलणाऱ्या यमुनाबाई

यमुनाबाई नसत्या तर मला एकट्याला काहीच ठरवता आलं नसतं, हे आधी लिहून टाकतो. काय ठरवायचं होतं ते मागून सांगतो.

चामोर्शीजवळच्या ज्या भातगिरणीवर मी राखणदार आहे, तिथं यमुनाबाई तांदूळ पाखडतात. बोलताना त्या समोरच्याकडं बघत नाहीत. नजर सुपात, हात चालू, आणि बोलणं मात्र थेट तुमच्याशी. नवा माणूस मागं वळून बघतो, ही बाई नक्की कोणाला रागावतेय म्हणून. मी जतकडचा. नववीत शाळा सुटली, ट्रकवर क्लीनर झालो, आणि तांदूळ भरायला आलो तो इथंच राहिलो. पुणं मी अजून पाहिलेलं नाही. तरी पहिल्या दिवसापासून त्यांनी मला 'पुणेवाले' करून टाकलं. "तुमच्या इकडे भाकरच खातेत म्हणते, पुणेवाले. भातानं पोट भरते का मंग तुमचं?"

गिरणीवर माझं म्हणावं असं एकच होतं. ढेप्या. गुळाच्या ढेपेच्या रंगाचा कुत्रा, माझ्या आधीपासून तिथं असलेला. रात्री माझ्यासोबत फाटकाशी, दिवसा कोंड्याच्या पोत्यांवर. घरी फोनवर मी सगळं बरं आहे एवढंच सांगतो. बरं नसलेलं ढेप्याला सांगायचो.

तो खोकायला लागला तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही, कारण गिरणीत सगळेच खोकतात. कोंड्याची धूळ घशात बसते आणि त्यावर इथले लोक गुळाचा खडा चघळतात. ढेप्यालाही गूळ सुरू झाला, आणि देणाऱ्यांत यमुनाबाई पहिल्या होत्या. हमाल म्हणायचे, आता हा पक्का कामगार झाला, याचीही हजेरी लावा.

पोळ्याला गिरणी बंद होती. यंत्र बंद, कोंडा उडत नाही, आणि ढेप्या तरी खोकत होता. यमुनाबाई शेड झाडायला आल्या होत्या. झाडू थांबवून त्या बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिल्या.

"हा बसून काऊन झोपते?"

मी म्हणालो, सवय असेल.

"सवय नाई ते. आमचे मालक असेच भिंतीले टेकून झोपत. लेटले का दम लागे त्याईले." मालक म्हणजे त्यांचा वारलेला नवरा.

गूळ आपल्या सगळ्यांचाच चुकला, असं म्हणून त्यांनी मला त्याच आठवड्यात दवाखान्यात धाडलं. तालुक्याचे डॉक्टर गाईम्हशी बघणारे, पण त्यांनी ढेप्याच्या छातीला नळी लावून खूप वेळ ऐकलं. हृदय मोठं झालंय, त्यात जोर नाही, म्हणून अंगात पाणी साचतंय, असं ते म्हणाले. बरा होणार नाही, पण गोळ्यांनी दिवस चांगले जातील. एक गोळी हृदयाची, एक पाणी काढायची, दोन्ही सकाळी आणि रात्री. मीठ बंद. हमाल म्हणत होते की पाणीच प्यायला देऊ नको, म्हणजे साचणारच नाही. डॉक्टरांनी ते मात्र साफ मोडून काढलं.

गोळी लागू पडली आणि नवीच अडचण झाली. पाण्याच्या गोळीनं ढेप्या रात्रभर बाहेर जायला मागायचा. शेडमध्ये करायचा नाही, तेवढा मानी होता. गिरणीमागं झुडपी जंगल आहे, तिथून बिबट येतो, आणि आधीचे कुत्रे त्यानंच नेलेले. धडधाकट असताना ढेप्या वास आला की आत पळायचा. आता थोडं चाललं की धापा. गोळी द्यावी तर बिबट, न द्यावी तर छातीत पाणी. मी जेवेनासा झालो. यमुनाबाईंनी सुपातून नजर न काढता तोड सांगितली. रात्रीची गोळी उन्हं असतानाच द्यायची, म्हणजे अंधार पडेपर्यंत तो मोकळा होतो. "पर डॉक्टरले इचार पयले. माह्या मनानं नोको करू." डॉक्टर हो म्हणाले. त्या वेळेवर पावसाळ्याचा शेवट आणि दिवाळी नीट गेली.

दिवाळीनंतर पोट फुगलं. डॉक्टरांनी नागपूरला न्यायला सांगितलं. तांदळाची गाडी जाणार होती, तीत मी ढेप्याला घेऊन चढलो, तर यमुनाबाई आधीच केबिनमध्ये बसलेल्या. एरवी त्या कुत्र्याला हात लावत नसत. त्या दिवशी त्याचं डोकं सगळा रस्ता त्यांच्या मांडीवर होतं आणि त्या काचेतून बाहेर बघत होत्या.

तिथल्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली, पोटातलं पाणी काढलं आणि समजेल असं सांगितलं. पाणी पुन्हा भरणार. इथं भरती ठेवलं तर सुया, ऑक्सिजन, आणि कदाचित थोडे जास्त दिवस. घरी नेलं तर गोळ्यांवर जितकं जाईल तितकं. दोन्हींत चूक काही नाही, तुम्ही ठरवा.

मी भरतीच म्हणणार होतो. यमुनाबाईंनी मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. हातात सूप नसल्यानं त्यांना कुठं बघावं कळत नव्हतं.

"कोणासाठी ठेवतं त्याले? त्याच्यासाठी का तुह्यासाठी?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे मालक याच शहरात, मोठ्या दवाखान्यात वारले. घरी न्या म्हणून सांगत होते. मुलं म्हणाली, इलाज पुरा करायचा. "मी तोंड नाई उघडलं. वाटलं, पोट्टे शिकलेले हायेत, त्याईले समजते. ते दरवाज्याकडे पाहात पाहात गेले."

मी आत जाऊन पाहिलं. ढेप्या पिंजऱ्यात उभा होता, बसत नव्हता. आजूबाजूचे कुत्रे भुंकत होते, तो कोणाला उत्तर देत नव्हता. मी डॉक्टरबाईंना घरी नेतो म्हणालो. त्यांनी गोळ्या वाढवून दिल्या. श्वासाचे फार हाल व्हायला लागले तर तालुक्याच्या डॉक्टरांना कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यायला सांगा, त्यात लाज वाटून घेऊ नका, असंही म्हणाल्या.

इंजेक्शनची वेळ आली नाही. थंडी पडल्यावर एका दुपारी तो कोंड्याच्या पोत्यांवर उन्हाला जाऊन पडला. गिरणी चालू होती. हमालांनी हाक मारली तरी उठला नाही. भरती ठेवलं असतं तर आणखी किती जगला असता, मला माहीत नाही. कुंपणाच्या आत त्याला पुरलं. यमुनाबाई शेवटपर्यंत उभ्या होत्या.

सगळे गेल्यावर त्या पायरीवर टेकल्या आणि लुगड्याचा काठ थोडा वर करून पाय दाखवला. घोट्यापाशी सूज होती, बोट दाबलं की खड्डा पडत होता.

"माही बी पाळी येईन आता. पोट्टे मले नागपूरले नेतीन. नेऊ दे. पर मी घरी म्हटलं का तू त्याईले सांगजो. माहं नाई आयकत ते. तू बाहेरचा हायेस, तुहं आयकतीन."

आधी इथल्या दवाखान्यात दाखवा, असं मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी मीच घेऊन गेलो. आता त्यांनाही पाण्याची गोळी चालू आहे आणि मीठ कमी सांगितलंय, त्यावरून त्या सुपाकडं बघत डॉक्टरांना नावं ठेवतात. जतहून मला परत ये म्हणून फोन येतात. तिकडं कामही आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. यमुनाबाईंची ती वेळ खूप उशिरा येवो. पण येईल तेव्हा, मी कुठंही असलो तरी येईन, त्यांच्या शिकलेल्या मुलांपुढं उभा राहीन आणि सांगेन की आधी बाईंना विचारा, आणि त्या काय म्हणतात ते पुरं ऐका.