पंखावरच्या सुरकुत्या

धुळ्यात आमच्या शेजारी राहणारे पोस्टातले कारकून प्लॅस्टिकची वीतभर विमानं जुळवायचे. पंखावर पातळ चित्र चिकटवताना ते इतका श्वास रोखत, की गल्लीतला वाराही गुमान थांबायचा. एकदा त्यांनी भिजवलेलं चित्र पंखावर सरकवलं, वरून ते घट्ट बसवायचं औषध लावलं, आणि चित्राला शंभर वर्षांच्या म्हातारीएवढ्या सुरकुत्या पडल्या. तसलं दुसरं चित्र अख्ख्या खानदेशात नव्हतं. मी दाबायला बोट पुढे केलं, तर त्यांनी माझा हातच धरला.

“हात लावू नका, भाऊ. ते आपेआप बसस.”

चहा घेऊन आलेल्या वहिनी आम्हाला तसं बसलेलं पाहून आल्या पावली परतल्या. सुरकुत्या हळूहळू विरल्या. चित्राखालून पंखावर कोरलेला खिळा न् खिळा दिसू लागला.

“बठ्ठं बसनं,” सगळं जागेवर बसलेलं पाहून ते पुटपुटले. माझा हात मात्र त्यांनी सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.